पाणी डोंगर चढत नाही

२ फेब्रुवारी २००४, सोमवार

नाशिकच्या प्रशिक्षणात सर म्हणाले होते, रोज काय केलंत ते रोज लिहून ठेवा, नाहीतर विसराल. म्हणून ही वही. पहिल्या ओळीत 'कामाची नोंद' लिहिलं आणि दुसऱ्या ओळीपासून माझं स्वतःचंच सुरू झालं. असू दे. ऑफिसात दाखवायची वही वेगळी करीन.

तर नोंद अशी, की मी मालिनी आपटे, वय सेहेचाळीस, रत्नागिरीच्या धरणांच्या ऑफिसात तेवीस वर्षं ट्रेसर, आजपासून कॉम्प्युटरवर बसले. तीन आठवडे नाशिकला कोणी जायचं यावरून डिसेंबरात काय काय नाटकं झाली! एकाची पाठ धरली, एकाच्या मुलीचं लग्न ठरलं, एकाला थंडी सोसत नाही. शेवटी "मालिनीबाईंना काय, मागेपुढे कोणी नाही" म्हणून माझं नाव घातलं. मागेपुढे कोणी नाही हे खरं आहे, पण ते चारचौघांत ओरडून सांगायची काय गरज होती?

काम असं. आकाशातून उपग्रह फोटो काढतो, तो हैदराबादहून सीडीवर येतो. त्यात धरणाचं पाणी किती जागेवर पसरलंय ते चौकोन मोजून काढायचं. एकेक चौकोन साडेतेवीस मीटरचा. महिन्यामहिन्याचं काढत गेलं की धरण कसं आटतंय ते खुर्चीत बसून कळतं. पहिलं धरण दिलंय आंबखोलचं. ऐकून हसूच आलं. एक्याऐंशी साली नोकरीला लागले तेव्हा पहिला नकाशा ट्रेस केला तो आंबखोलचाच. धरण मात्र अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

कॉम्प्युटरच्या खोलीला ए.सी. बसवलाय. माणसांसाठी नव्हे, मशिनसाठी. आमचे उपअभियंता खेरसाहेब दुपारी एक फाईल घेऊन आले आणि पाऊण तास बसून राहिले. गारव्याला येतात, दुसरं काय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जमलं! नोव्हेंबर आणि जानेवारी, दोन्ही महिन्यांचं पाणी काढून झालं. नाशिकच्या सरांचा मंत्र तोंडपाठ आहे, झाडं लाल आणि पाणी काळं. काळ्याच्या कडेने रेघ मारायची आणि आतले चौकोन मोजायचे. रेघ मारण्यात तर माझा हात कोणी धरू शकत नाही.

उत्तर बरोबर की चूक हे धरणावरच्या चौकीदाराच्या आकड्यांवरून बघायचं. शिवा मांडवकर त्याचं नाव. पाण्यात मोजपट्टी उभी आहे, पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते रोज सकाळी वाचायचं, आणि आठवड्याचे सात आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवायचे. सतरा वर्षं रोजंदारीवर हेच करतोय. पातळी कळली की तक्त्यात बघून पाण्याचा पसारा किती हेक्टर ते मिळतं. नोव्हेंबरला माझं उत्तर एक्केचाळीस, त्याच्या आकड्यावरूनही एक्केचाळीस. जानेवारीला अर्ध्या हेक्टरचासुद्धा फरक नाही. मी आनंदाने एकटीच टाळी वाजवली, तर नेमके खेरसाहेब दारात.

"काय झालं, मालिनीबाई?"

"काही नाही. डास."

शिवाची पोस्टकार्डं काढून ओळीने लावली. आकडे इतके नेटके की मला हेवा वाटला. चारेक वर्षांपूर्वीपर्यंत अक्षर गबाळं होतं, मग एकदम सुधारलंय. कोपऱ्यात पुष्कळदा हळदीचं बोट उमटलेलं असतं. जेवता जेवता लिहितो की काय, कोण जाणे. पण माणूस मनापासून आवडला. कधी भेटला तर सांगेन त्याला, बाबा रे, तू खाली बसून मोजलंस, मी वरून मोजलं, आणि आपलं दोघांचं जुळलं.

१ मार्च, सोमवार

विशेष काही नाही. खेरसाहेबांनी थर्मासमधून कोकमाचं सरबत आणलं होतं. घरी जास्त झालं म्हणे. एकट्या माणसाच्या घरी सरबत जास्त होतंच कसं? बायको जाऊन सहा वर्षं झाली तरी बिचाऱ्यांना अजून अंदाज येत नाही. साखर मात्र मला लागते तेवढीच होती.

३० मार्च, मंगळवार

मार्चची सीडी आली. नऊ तारखेचा फोटो. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अडतीस हेक्टर. शिवाच्या आकड्यावरून येतात एकतीस. सात हेक्टरांची तफावत!

खेरसाहेब फोटोकडे बघत बसले. मग म्हणाले, "घाई नको. आधी जाऊन बघून येऊ या."

जाऊन बघून येऊ या! मग शिंच्या उपग्रहाला आकाशात सोडलाय कशाला? आणि मी काय तीन आठवडे नाशिकला गोट्या खेळत होते? "उपग्रहाचं शिवा मांडवकराशी वैर आहे का साहेब?" म्हटलं. तेवढ्यात मोठे साहेब नवीन खोली बघायला म्हणून आत आले. मी त्यांना सगळं दाखवलं. खेरसाहेब मागे उभं राहून दोनदा खाकरले, मी लक्ष दिलं नाही.

मोठ्या साहेबांनी फोटो बघितला, पोस्टकार्ड बघितलं. म्हणाले, "पाणी बघायला जातंय कोण! घरी बसून आकडे टाकतोय." मग माझ्याकडे वळून, "शाबास, मालिनीबाई."

तेवीस वर्षांतली पहिली शाबासकी. पार गाडीतळापर्यंत मी हवेत चालत होते. घरी येऊन जेवायला बसले, तर मात्र पोस्टकार्डांवरचे ते नेटके आकडे डोळ्यांसमोर यायला लागले. घरी बसून खोटं लिहिणारा माणूस इतकं जपून लिहील का?

२ एप्रिल, शुक्रवार

शिवाला कारणे दाखवा नोटीस गेली. आज कळलं की रोजंदारीवरच्या लोकांना कायम करायची यादी तीस एप्रिलला निघायची आहे, आणि तिच्यात सतरा वर्षांनी शिवाचं नाव लागलं होतं. आता त्या नावापुढे पेन्सिलीने फुली आहे. खुलासा पटला नाही तर नाव उडणार आणि कामावरूनही कमी करणार.

मी केलं हे. मोठ्या साहेबांनी सही केली, पण केलं मी.

खेरसाहेब तीन दिवस खोलीत फिरकले नाहीत. इकडे मी एवढा गारवा करून ठेवते आणि हे आपल्या तापलेल्या पत्र्याखाली बसतात. रागावले असतील तर रागावू देत. मला काय करायचंय?

७ एप्रिल, बुधवार

सगळं नीट लिहायला हवं.

अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर ऊन, छातीशी फडक्यात बांधलेलं काहीतरी. "मशीनवाली बाय ती तूच काय गो?" म्हणाली. ती शिवाची बायको, गंगा. पहाटेची एस.टी. पकडून आली होती. फडक्यात धरणाचं रजिस्टर होतं, आणि त्यात घडी घालून नोटीस.

मी पाणी दिलं. तिने ते घेतलं नाही. म्हणाली, "येक दिस चुकवला नाय आमी. तापात पन नाय, पोरीच्या लग्नात पन नाय. आनि तू हितं बसून सांगतेस आमी खोटा लिवतो?"

मी म्हटलं, "मी सांगत नाही, फोटो सांगतो. ये, बघ." खुर्ची ओढून दिली. ती खुर्चीवर बसेना, उभीच राहिली. मी दाखवत गेले. ही धरणाची भिंत, हा सांडवा, ही तुमची वाडी. दोन मिनिटांत तिला सगळं लागलं. "ती आमची विहीर... तो मंगल्याचा फणस" असं बोट फिरवत राहिली. साडेतेवीस मीटरच्या चौकोनात मंगल्याचा फणस दिसणं शक्य नाही, पण तो तिथेच असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

मग तिचं बोट थांबलं. "आनि ह्या काळा काय?"

"पाणी."

"ह्या?"

"पाणीच. काळं ते सगळं पाणी."

ती माझ्याकडे बघायला लागली. चेष्टा करतेय की काय असं बघत होती. "बाय, ह्या पानी नाय. ही आमची वरकस. हितं चढ हाय. पानी डोंगर चढून वर जाईल काय?"

"मग काळं का?"

"भाजावळ केली ती काळी नाय दिसनार? शिमग्याला चाकरमानी घरात व्हते. मानसा हाताशी हायत तवर म्हनून होळी झाल्यावर दोन दिसांत आख्ख्या वाडीनं येकदम भाजली."

भाजावळ! शेतावर पातेरा, झाडांच्या तोडलेल्या डहाळ्यांची कवळ, शेण पसरून पेटवायचं आणि पावसाच्या तोंडावर त्याच राखेत रोपं टाकायची. रत्नागिरीत जन्म गेला माझा. त्या धुराने दर मार्चमध्ये माझे डोळे चुरचुरतात. होळी सहा तारखेला, फोटो नऊचा. इतकी सोपी गोष्ट माझ्या डोक्यात येऊ नये? देशावरच्या सरांनी पाणी काळं म्हणून सांगितलं आणि मी कोकणात बसून ते पाठ केलं.

कपाटातून माझा एक्याऐंशीचा नकाशा काढला. उंचीच्या रेषा मीच काढलेल्या, एकेक रेष. तो फोटोशेजारी धरला. माझं ते 'पाणी' सहा रेषा ओलांडून डोंगरावर गेलं होतं.

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं. ती बिचारी गोंधळली, म्हणाली, "रडतेस कशाला गो? चूक झाली तर सुधार." आणि मघाचं पाणी तिने मलाच पाजलं.

दुपारी खेरसाहेबांच्या खोलीत गेले. "तुम्ही सांगत होतात ते ऐकायला हवं होतं," म्हटलं. मला वाटलं, आता चांगलं सुनावतील. ते म्हणाले, "शनिवारी सुट्टी आहे. जीप सांगू का?"

१० एप्रिल, शनिवार

आंबखोल पाहिलं. तेवीस वर्षांनी. मी ज्याला शाईची निळी रेघ समजत होते ते केवढं मोठं, शांत, उन्हात लकाकणारं पाणी आहे! भिंतीवर उभी राहिले आणि जिथे जिथे मी वळणं काढली होती तिथे तिथे काठ खरोखर वळत होता. हे बघायला मला इतकी वर्षं कोणी बोलावलं नाही, आणि मीही कधी मागितलं नाही.

डोंगरउतारावरची वरकस जमीन काळीठिक्कर आहे अजून. पायाखाली राख. खेरसाहेब टेप घेऊन मोजायला गेले. सात हेक्टर भरेल, म्हणाले.

पण दुसरंच लिहायचंय. शिवा मांडवकर पडवीत बसला होता. पन्नाशीचा, सडसडीत, आवाज अगदी हळू. मी फोटोचा कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला, म्हणाला, "बेस हाय. आमचा धरण छान दिसतोय." कागद पालथा होता. कोरी बाजू त्याच्याकडे होती.

मी गंगाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मग विहिरीवर तिने सांगितलं. चार वर्षं झाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोज सकाळी तिच्या खांद्याला धरून तो पाण्यापर्यंत जातो. ती मोजपट्टी वाचते, तो ऐकून घेतो, आणि घरी येऊन ती लिहिते. ते अक्षर तिचं. हळदीचं बोटही तिचंच. "दवाखान्यात नेला तर हापिसात कळंल," म्हणाली. "आंधळ्याला पान्यावर कोन ठेवील?"

म्हणजे आकडे खरे, पण वाचणारा तो नव्हे. मोठे साहेब म्हणाले ते चुकीचं, तरीही अर्धं बरोबर! आता मी काय करू? ऑफिसला सांगणं माझं कर्तव्य आहे म्हणतात ते हेच ना? एकदा कर्तव्य करून बघितलं आहे मी, त्याचं काय झालं ते समोर आहे. मी तिला म्हटलं, "मी काही ऐकलं नाही." तिने माझा हात घट्ट धरला. बाईचा हात पेल्यासारखा गार होता, विहिरीच्या पाण्याने.

खेरसाहेब तेव्हा लांब होते, त्यांना यातलं काही कळलेलं नाही. परतीच्या वाटेवर उगाचच त्यांच्या मावशीच्या डोळ्यांचं सांगत बसले. कुठल्याशा शिबिरात ऑपरेशन झालं, किती सोपं असतं, दोन दिवसांत घरी, वगैरे वगैरे. मला कशाला सांगताय म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

१२ एप्रिल, सोमवार

मोठ्या साहेबांना लेखी दिलं. 'सदर चूक माझी असून जळालेली जमीन मी पाणी म्हणून मोजली. चौकीदाराचे आकडे बरोबर आहेत.' लिहिताना एकही अक्षर खोडावं लागलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

त्यांनी वाचलं आणि टेबलावर टाकलं. "तरीच! बाईमाणसाच्या हाती मशीन दिलं की असं व्हायचंच." मी कागद उचलून पुन्हा त्यांच्यासमोर सरळ ठेवला, कारण मला शिवाचं नाव यादीत हवं होतं. ते म्हणाले, "मात्र संशय आलाच आहे, तर मी स्वतः बघणार. शुक्रवारी माझ्यासमोर वाचू दे त्याला."

झालं. आगीतून फुफाट्यात. त्याला काय वाचता येणार आहे, डोंबल?

खेरसाहेब म्हणाले, "होईल काहीतरी." कसं होईल? यांचं आपलं सगळं थंड.

१६ एप्रिल, शुक्रवार

आज काय घडलं ते जन्मात विसरायची नाही.

बाराच्या उन्हात आम्ही धरणाच्या भिंतीवर. मोठे साहेब, खेरसाहेब, मी, आणि शिवा हात जोडून. मोजपट्टी पुढे तीसेक फुटांवर पाण्यात. खाली काठावर गंगा, म्हशीला धुवायला घेऊन आलेली. मैना त्या म्हशीचं नाव.

"वाच," मोठे साहेब म्हणाले. "इथूनच."

शिवाने कपाळावर हात आडवा धरला आणि पाण्याकडे बघितलं. काय दिसलं असेल त्याला? नुसता उजेड. मी देवाचं नाव घ्यायला लागले. खेरसाहेबांना काय सुचलं, त्यांनी छत्री उघडली आणि मोठ्या साहेबांच्या डोक्यावर धरली. "ऊन फार आहे, साहेब." छत्री अशी तिरपी, की साहेबांना काठावरचं काही दिसेना. मी मनात म्हटलं, या माणसाला पुढेपुढे करायला हीच वेळ सापडली का?

आणि खाली गंगाचा आवाज चढला. "मैने! मेल्ये, सत्तर येळा सांगितला तुला हिकडं ये म्हनून! सत्तर येळा! आता वर पस्तीस फटके खाशील तवा येशील काय? पस्तीस!"

म्हैस तिच्या पुढ्यातच उभी होती, एका जागी, निवांत रवंथ करत.

शिवाने हात खाली घेतला. "सत्तर मीटर पस्तीस, साहेब."

"खेर, खाली जाऊन बघा."

खेरसाहेब छत्री माझ्या हातात देऊन उतरले. गुडघाभर पाण्यात गेले, मोजपट्टीपाशी वाकले, आणि तिथूनच ओरडले, "सत्तर पस्तीस. बरोबर आहे."

मोठे साहेब 'हं' म्हणाले. पेन्सिलीची फुली खोडायला सांगतो, म्हणाले. शिवाने पुन्हा हात जोडले, पण साहेब उभे होते त्याच्या थोडे डावीकडे. कोणाच्या लक्षात आलं नाही.

येताना मोठे साहेब पुढच्या जीपमध्ये होते. मागच्या जीपमध्ये आम्ही दोघं. मग खेरसाहेब ओले मोजे पिळत म्हणाले, "म्हैस फार हुशार आहे हो."

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हणजे यांना... कधीपासून? मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेही हसत होते. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. बरे दिसतात.

२२ एप्रिल, गुरुवार

ए.सी. सोमवारपासून बंद. दुरुस्तीवाला कोल्हापूरहून यायचाय. मशीनला कापडात गुंडाळून ठेवलंय आणि मी टेबलपंख्याखाली जुन्या पद्धतीने ट्रेसिंग फिल्मवर नकाशा काढतेय. खोलीत भट्टी लागलीय नुसती.

खेरसाहेब तरीही रोज येतात. पाऊण तास बसतात, रुमालाने मान पुसतात, जातात. ए.सी. बंद आहे हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

आज शिवाच्या डोळ्यांच्या शिबिराचा फॉर्म आणला होता, स्वतः भरलेला, पण तिकडे माझं नाव सांगू नका म्हणाले. मे महिन्यात. यादी निघाल्यावर आठ दिवसांनी, म्हणजे ऑफिसात कोणी विचारायला नको. तारखांचा हा हिशेब त्यांनी दहा तारखेलाच केला होता, त्या जीपमध्येच. आणि मी खिडकीबाहेर बघत होते! इतकी वर्षं रेघा बघण्यात घालवली मी, माणसं बघायची राहिलीच.

३० एप्रिल, शुक्रवार

यादी लागली. अकरा नंबरला मांडवकर शिवा. तीनदा वाचलं. मग गाडीतळावर जाऊन आंबखोलच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. त्याला म्हटलं, "गंगा मांडवकर. तिच्याच हातात द्या."

२२ मे, शनिवार

शिवाच्या कायमपणाचा आदेश द्यायला आम्ही दोघं गेलो. पोस्टानेही गेला असता. पण खेरसाहेबांनी विचारलं आणि मीही हो म्हटलं.

डोळ्यांवर काळा चष्मा लावून शिवा पडवीत उभा होता. ऑपरेशन नीट झालंय. आमची जीप त्यानेच आधी ओळखली, वळणावरूनच. आदेश हातात घेतला. या वेळी कागद सुलटा होता. बोट लावून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. स्वतःच्या नावावर आला तिथे थांबला. मग खालची सही, शिक्का, सगळं वाचलं, आणि कागद उलटून मागची बाजूही बघितली.

"काय शोधतोस?" मी विचारलं.

"गंगीचा नाव कुठं हाय?"

"तिचं कसं असेल?"

"चार वर्सं तिनंच वाचला ना सगळा." इतक्या सरळ म्हणाला, की खेरसाहेबांसमोर आपण काय बोलून बसलो हेही त्याला कळलं नाही. "माझा नाव घातलात, लय उपकार. पन खालती कुठंतरी बारीक अक्षरात तरी तिचा लिवा. येवढी जागा हाय."

गंगा आतून धावत आली. "गप ऱ्हा! काय बोलतोस?" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. खेरसाहेब अंगणातल्या तुळशीकडे बघत होते. म्हणाले, "मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं हल्ली." मग गंगाकडे वळून, अगदी हळू, "चहा मिळेल का वहिनी?"

चहा पिताना शिवा सारखा गंगाकडे बघत होता. ती लाजून आत जायची, पुन्हा काहीतरी निमित्त काढून बाहेर यायची. मला वाटलं, आपण उगाच मध्ये बसलोय. पण उठावंसंही वाटेना. कोणी कोणाकडे असं बघतं, हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

२४ मे, सोमवार

आंबखोलचा नवा नकाशा पूर्ण झाला. मार्चची भाजावळ वगळली. दोन एप्रिलचा फोटोही मागच्या आठवड्यात आला, सकाळच्या गारव्यात मशीन लावून मोजला, तोही जुळला. नोव्हेंबर ते एप्रिल, एकात एक पाण्याच्या चार रेघा. मी केलेलं सगळ्यात चांगलं काम, असं आज स्वतःलाच सांगते.

खाली उजव्या कोपऱ्यात नावांच्या चौकटी असतात. आरेखन, ट्रेसिंग, तपासणी. उपग्रहाच्या नकाशाला आणखी एक चौकट लागते, 'प्रत्यक्ष पडताळणी'. फोटोत दिसलं ते जमिनीवर खरोखर आहे का, हे कोणी सांगितलं त्याचं नाव तिथे घालायचं. नियमच आहे तसा, नाशिकला शिकवलाय. मी सगळ्यात बारीक निबचं पेन घेतलं आणि लिहिलं, 'सौ. गंगा शिवा मांडवकर, आंबखोल'. तेवीस वर्षांत इतकं सावकाश मी काही लिहिलं नसेल.

नकाशा सहीसाठी खेरसाहेबांकडे न्यायचा, तर तेच आले. वाकून कोपरा वाचला. बराच वेळ वाचत होते. मला वाटलं, आता म्हणतील, हे चालायचं नाही, वर कोणी विचारलं तर काय सांगायचं. त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि त्या नावाखाली तपासणीच्या चौकटीत सही केली. एरवी फराटा मारतात. आज पूर्ण नाव घातलं, देवदत्त खेर, एकेक अक्षर सुटं.

"शाई ओली आहे," म्हणाले. "वाळेपर्यंत थांबतो."

आणि समोरच्या स्टुलावर बसले. एवढ्या उकाड्यात. ए.सी. अजून बंदच आहे.

पंख्याखाली शाई पटकन वाळते. मी उठून पंखा बंद केला. कागद उडत होता, म्हणून.